बागेतील खोलीस वीज

पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांतील जुन्या बंगल्यांच्या मागील अंगास, आंब्याच्या किंवा चिकूच्या आड, बहुधा एखादी सुटी खोली उभी असते. कधी काळी ती गड्याकरिता किंवा मोटारीकरिता बांधलेली असते. पुढे तीत मोडक्या खुर्च्या, बादल्या आणि वर्तमानपत्रांची रद्दी यांचा संसार सुरू होतो. मग एके दिवशी घरातील कोणास तरी तिची आठवण होते. निवृत्त झालेल्या गृहस्थास वाचनाकरिता एकांत हवा असतो, मुलीस चित्रे काढण्याकरिता जागा हवी असते, गृहिणीस शिवणयंत्र मांडावयाचे असते. कौले परततात, भिंतींस रंग लागतो, खिडकीस जाळी बसते. आणि सर्व काही झाल्यावर, सर्वांत शेवटी, विजेची आठवण होते.

वायरमनही येतो आणि अंगणावर एक नजर टाकून म्हणतो, "काका, स्वयंपाकघरातल्या प्लगातून एक वायर काढतो, आंब्याला बांधतो नि तिकडे सोडतो. दुपारपर्यंत दिवा लागेल!" दुपारपर्यंत दिवा लागतोही. पंखा फिरतो, घरची मंडळी संतुष्ट होतात, आणि काम थोडक्यात झाले म्हणून काकाही समाधान पावतात. परंतु या व्यवस्थेची खरी परीक्षा त्या दिवशी होत नाही. ती होते श्रावणात, वारा सुटलेला असताना, फांदीवर घासून वायरचे आवरण झिजलेले असताना, माळी अनवाणी पायांनी चिखलात उभा राहून पंपास हात लावतो त्या क्षणी. विजेची योजना दिवा लागावा एवढ्याकरिता करावयाची नसते. ज्या दिवशी काही बिघडेल त्या दिवशी कोणाचाही प्राण जाऊ नये, याकरिता करावयाची असते. ही गोष्ट एकदा मनात ठसली म्हणजे पुढील सर्व हिशेब आपोआप योग्य क्रमाने सुचू लागतात.

पहिला हिशेब भाराचा. खोलीत काय काय चालणार याची यादी कागदावर करावी. उदाहरणादाखल, दिवे मिळून ६० वॅट, पंखा ७५, संगणक १६५, चहाचे पाणी तापविण्याची विजेची किटली १५०० आणि बागेस पाणी देणारा लहान पंप सुमारे ५०० वॅट, असे धरल्यास एकूण २३०० वॅट होतात. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आहे. म्हणून २३०० ला २३० ने भागले असता साधारणपणे १० अँपिअर प्रवाह लागेल, असे उत्तर येते. या यादीत किटली एकटी बाकीच्या सर्वांहून जड आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जी वस्तू तापते ती वीज खाते. जी केवळ प्रकाशते वा फिरते ती त्या मानाने मिताहारी असते. पुढेमागे या खोलीत वातानुकूलन यंत्र येणार असेल तर त्याचे १५०० वॅटही आजच मांडावेत. मग प्रवाह साडेसोळा अँपिअरच्या घरात जातो. चर एकदाच खणला जातो, आणि केबल पुरल्यानंतर ती जाड करता येत नाही. याच वेळी वीजबिलावरील मंजूर भाराचा आकडाही पाहून घ्यावा. घराचा जुना भार आणि खोलीचा नवा भार मिळून तो ओलांडला जात असेल, तर तो वाढवून घेण्याचा अर्ज कामापूर्वीच करावा.

दुसरा हिशेब अंतराचा. घरातील एका खोलीतून दुसरीत वायर नेताना लांबीचा विचार सहसा कोणी करीत नाही, आणि तेथे तो फारसा लागतही नाही. बागेत मात्र तो टाळता येत नाही. तांब्याची तार कितीही चांगली असली तरी ती प्रवाहास थोडासा रोध करतेच. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम असा, की प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार म्हणजे तेवढ्या अंतरात खर्ची पडलेला दाब होय. मीटरच्या फळीपासून खोलीपर्यंतचे अंतर, भिंतींवरील चढउतार धरून, ४० मीटर आहे असे मानू. प्रवाहास जाणे आणि परत येणे असे दोन्ही प्रवास घडतात. म्हणून तारेची लांबी ८० मीटर धरली पाहिजे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध एका किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम असतो, अडीचच्या तारेचा ७.४, चारच्या तारेचा ४.६ आणि सहाच्या तारेचा ३.१. यावरून १० अँपिअर प्रवाह वाहत असता दीडच्या तारेत जवळजवळ १० व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात, अडीचच्या तारेत सुमारे ६, आणि चारच्या तारेत पावणेचारांहून किंचित कमी. वातानुकूलन यंत्र आल्यावर अडीचच्या तारेतील घट पावणेदहा व्होल्टच्या पुढे जाते. चारच्या तारेत ती सहाच्या आसपास राहते.

दाबातील घट ३ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे ७ व्होल्टच्या आत राहावी, असा व्यवहारातील एक चांगला दंडक आहे. त्या दृष्टीने या उदाहरणात चारची तार योग्य ठरते, आणि पुढची सोय पाहणारा गृहस्थ सहाची घेईल. दुकानदार भार विचारतो. अंतर विचारतोच असे नाही. ते त्यास आपण होऊन सांगणे हे घरधन्याचे काम होय.

तिसरा प्रश्न मार्गाचा. झाडास बांधलेली वायर हा मार्गच नव्हे. झाड वाऱ्याने हलते, वर्षागणिक वाढते, आणि उन्हाने साध्या वायरचे आवरण कडक होऊन तडकते. भुईतून न्यावयाची तर घरातील भिंतीची वायर उपयोगी नाही. तीस आर्मर्ड केबल, म्हणजे पोलादी पट्ट्यांचे किंवा तारांचे चिलखत घातलेली केबल, हवी. घुशीचे दात आणि माळ्याची कुदळ या दोहोंपासून रक्षण करण्यास ते चिलखत असते. चर सुमारे ७५ सेंटिमीटर खोल असावा. तळाशी वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, तीवर विटांची एक रांग आणि मग माती, अशी ही मांडणी जुनी व अनुभवाने सिद्ध झालेली आहे. विटांचा उपयोग असा, की दहा वर्षांनी कोणी नवे रोप लावण्याकरिता खड्डा खणू लागला तर कुदळ प्रथम विटेवर वाजते आणि खणणारा थांबतो. दख्खनच्या पठारावर हातभर मातीखाली काळा पाषाण लागणे हे नित्याचेच. तेथे हट्टाने खडक फोडण्यापेक्षा कुंपणाच्या भिंतीच्या कडेने लोखंडी नळीतून केबल नेणे शहाणपणाचे. मार्ग कोणताही असो, त्याचा लहानसा नकाशा अंतरांसह काढून मीटरच्या पेटीत ठेवावा. घर विकले जाते, माळी बदलतात, स्मरण धूसर होते. केबल मात्र आहे तेथेच असते.

आता चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पंपातील फेजची तार सुटून त्याच्या लोखंडी अंगास टेकली, तर काय होईल? पुष्कळांची समजूत अशी असते, की अर्थिंग केलेले असले म्हणजे वीज जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि धोका टळतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. सामान्यतः विजेच्या खांबावरून घरात दोन तारा येतात, एक फेज आणि एक न्यूट्रल. अर्थिंगचा खड्डा घरमालक आपल्या आवारात खणतो. त्या खड्ड्याचा रोध मातीवर अवलंबून असतो. पावसाळ्यात भिजलेली काळी माती प्रवाहास वाट देते; मे महिन्यातील कोरडा मुरूम देत नाही. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालण्याची आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतण्याची जुनी रीत याचकरिता पडली.

समजा, दुर्लक्षित खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. २३० ला २० ने भागले असता साडेअकरा अँपिअर येतात. खोलीच्या केबलवर एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढताच आपोआप पडणारी कळ, २० अँपिअरची असेल, तर ती या साडेअकरा अँपिअरकडे ढुंकूनही पाहणार नाही. तिच्या दृष्टीने कोणीतरी किटली लावली आहे, एवढेच! आणि तोवर पंपाच्या अंगावर जवळजवळ सगळा दाब तसाच राहील. खड्डा उत्तम असून रोध अवघा ५ ओहम असला तरी प्रवाह ४६ अँपिअर होतो. तेवढ्याने ती कळ आतून तापून पडण्यास कित्येक सेकंद, प्रसंगी मिनिटभरही लागू शकते. ओल्या पायांच्या माणसाजवळ इतका अवधी नसतो.

माणसास किती प्रवाह सोसतो, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी केला. हातात धरलेली तार सोडता येणे कोणत्या प्रवाहास अशक्य होते, हे त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवर मोजून पाहिले. पुरुषांत ही मर्यादा सरासरीने १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर आढळली. म्हणजे एका अँपिअरचा केवळ साठावा वा शंभरावा भाग. याहून अधिक प्रवाह छातीतून काही काळ वाहिला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. भिजलेल्या शरीराचा रोध ढोबळ मानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर वाहतील. एमसीबी पडावयास अँपिअर हवेत, माणूस मरावयास मिलिअँपिअर पुरतात. एमसीबी आणि फ्यूज ही तारेची राखण करणारी साधने आहेत. माणसाची राखण हे त्यांचे कामच नव्हे.

ते काम आरसीसीबी नावाच्या दुसऱ्या कळीचे आहे. तिची कल्पना अगदी सोपी आहे. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजावर एक पहारेकरी बसवावा, आणि आत जितके गेले तितकेच बाहेर आले की नाही, एवढे त्याने मोजावे, तसे हे यंत्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहते. दोन्ही समान असले म्हणजे सर्व क्षेम. परतणारा प्रवाह कमी भरला, तर उरलेला कोठे तरी चोरवाटेने, पंपाच्या अंगातून वा माणसाच्या शरीरातून, जमिनीत जात आहे असा अर्थ होतो. आणि हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचताच कळ सेकंदाच्या एका लहानशा अंशात पडते. २० ओहमच्या खड्ड्यातून जाणारे साडेअकरा अँपिअर एमसीबीला दिसत नव्हते. या पहारेकऱ्यास ते डोंगराएवढे दिसतात. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. अर्थिंगमुळे माणसाने हात लावण्यापूर्वीच चोरवाट उघडकीस येते. अर्थिंग नसेल तर ती शोधण्याचे काम माणसाच्या देहावर पडते.

यास्तव बागेतील खोलीकरिता मीटरच्या फळीवरच स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी बसवावी. म्हणजे बागेतील बिघाडाने घरात अंधार होणार नाही. केबल तीन तारांची असावी, तिसरी तार अर्थिंगची; केबलचे चिलखतही अर्थिंगास जोडावे; आणि खोलीपाशी एक मेन स्विच असावा, की दुरुस्तीच्या वेळी घरापर्यंत धावावे लागू नये. खोलीची न्यूट्रल घराच्या अन्य न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नये. मिसळल्यास पहारेकऱ्याचा हिशेब चुकतो, कळ वारंवार पडते, आणि कंटाळून कोणीतरी ती काढूनच टाकतो. आरसीसीबीवर चाचणीचे एक लहान बटन असते. दर महिन्यास एकदा ते दाबून कळ पडते की नाही, हे पाहावे. या यंत्राचीही मर्यादा आहे: कोरड्या लाकडावर उभे राहून एका हाती फेज आणि दुसऱ्या हाती न्यूट्रल धरणाऱ्यास ते ओळखू शकत नाही. सावधगिरी सोडण्याचा परवाना ते देत नाही.

हे काम घरधन्याने स्वतः करावयाचे नव्हे. राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच ते करवून घ्यावे, असा नियम आहे. घरधन्याचे काम योग्य प्रश्न विचारण्याचे. भार किती धरला? अंतर किती मोजले? खड्ड्याचा रोध यंत्राने मोजला काय? केबल पुरण्यापूर्वी मेगरने तपासली काय? या चार प्रश्नांची उत्तरे जो आकड्यांत देईल त्यास काम द्यावे. जो हसून "काका, काही होत नाही" म्हणेल त्यास चहा देऊन निरोप द्यावा. आणि हे सर्व मृग लागण्यापूर्वी उरकावे. भिजलेल्या चरात केबल टाकणे कोणासच सुखाचे नाही.

केबल, चर, विटा, कळी यांचा खर्च आंब्यास बांधलेल्या वायरीच्या कितीतरी पट होतो, हे खरे. खोलीत बसून वाचणाऱ्यास त्या खर्चाचे दृश्य फळ काहीच मिळत नाही. दिवा दोन्ही व्यवस्थांत सारखाच उजळतो. फरक पडतो तो श्रावणातील त्या एका सकाळी. माळी पंपास हात लावण्यापूर्वीच मीटरच्या पेटीत एक बारीकसा खटका वाजतो, पंप थांबतो, आणि माळी कुरकुरत घराकडे येऊन म्हणतो, "बाई, वीज गेली वाटतं!"