तडजोडीने न मिटलेला तंटा

हातोदच्या आसपासची काळी माती कापसालाही मानवणारी आहे. सन १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता. तो कापूस गुलामांच्या हातांनी वेचला जाई, आणि युद्धाचे मूळही तेथेच होते.

वाचकहो, हे युद्ध एका दिवसात उद्भवले नाही. सन १७८७ च्या राज्यघटनेतच एक तडजोड झाली होती. लोकसभागृहातील प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम तीन माणसांबरोबर धरावेत, असे ठरले. गुलामाला मत नव्हते. बळ मात्र त्याच्या धन्याच्या राज्याचे वाढले. पुढे प्रत्येक नव्या राज्याच्या वेळी एकच वाद उठे : येथे गुलामगिरी असावी की नसावी? सन १८२० मध्ये मिसुरी राज्यात ती राहू दिली, मेन राज्य मुक्त ठेवले आणि पश्चिमेकडील प्रदेशासाठी एक सीमारेषा आखली. सन १८५० च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या स्वाधीन करण्याची सक्ती उत्तरेवरही झाली. ज्यांनी आजवर डोळे मिटले होते, त्यांच्याच दारात आता शिपाई उभा राहिला. सन १८५४ मध्ये जुनी सीमारेषा पुसून निर्णय वसाहतकऱ्यांच्या मतावर सोपविला, तेव्हा कॅन्ससमध्ये रक्त सांडले. सन १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांचे नागरिकत्वच नाकारले.

सन १८६० मध्ये गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारे अब्राहम लिंकन निवडून आले. त्यांनी पदग्रहण करण्यापूर्वीच दक्षिणेतील सात राज्ये संघातून फुटली, आणि १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे मेली. सन १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली.

सन १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. तेथील बेड्यांमध्ये त्यांना येथील शूद्रातिशूद्रांच्या बेड्या दिसल्या होत्या.

शेताच्या बांधाचा तंटा तडजोडीने मिटतो, कारण जमीन वाटून घेता येते. माणूस वाटून घेता येत नाही. त्याच्या जिवावर केलेला समेट म्हणजे पुढच्या पिढीच्या माथी ठेवलेले कर्ज होय. आणि ते व्याजासह फेडावे लागते.