प्रभारी खुर्ची आणि ९६० तास

वाचकहो, ‘प्रभारी’ हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी तहसीलदार, प्रभारी मुख्याधिकारी. वरची जागा रिकामी होते, खालच्या माणसाकडे कार्यभार येतो, आणि तात्पुरता म्हणून आलेला तो कार्यभार पुष्कळदा वर्षानुवर्षं तिथेच राहतो. कॅलिफोर्नियातल्या सिटी आणि काउंटीच्या कचेऱ्यांतही असं घडतं. इथे त्याला ‘आउट ऑफ क्लास’ काम म्हणतात. आपल्या मंडळातली काही तरुण मंडळी या कचेऱ्यांत अभियंते, हिशेबनीस, नगररचनाकार आहेत. मी लोकप्रशासन शिकवत असे, म्हणून ती नेमणुकीची पत्रं घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो तेच तुम्हालाही सांगतो.

आधी कायदा पाहू. २०१७ साली राज्याच्या विधिमंडळाने ‘एबी १४८७’ हे विधेयक संमत केलं. त्यातून आलेलं कलम २०४८० हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. कॅलपर्स या पेन्शन संस्थेशी करार केलेल्या स्थानिक संस्थेत, रिकाम्या वरच्या पदावरची तात्पुरती नेमणूक एका आर्थिक वर्षात ९६० तासांपेक्षा जास्त चालू शकत नाही. आठवड्याचे ४० तास धरले तर हे २४ आठवडे होतात. मर्यादा ओलांडली तर दोन पगारांतल्या फरकावर जी पेन्शनची वर्गणी भरावी लागली असती, तिच्या तिप्पट दंड बसतो. तो संस्थेनेच भरायचा असतो, कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही.

हे बंधन का आलं? पद रिकामं ठेवून खालच्या माणसाकडून काम करून घेतलं की संस्थेचे पैसे वाचतात, मग भरतीची घाई कोणालाच राहत नाही. जबाबदारी मात्र त्या माणसाच्या डोक्यावर असते.

आता यातल्या फटी पाहा. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. १ जानेवारीला कार्यभार घेतलात तर जूनच्या मध्याला ९६० तास संपतात, आणि जुलैत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दुसरं, कायद्यात रिकामं पद म्हणजे ज्याच्यासाठी कायमची भरती चालू आहे ते पद. सहकारी बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर असेल, तर तिच्या जागी केलेलं काम यात मोजलं जात नाही. तिसरं, सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे या शहरांच्या पेन्शन संस्था स्वतंत्र आहेत. अलामेडा, सॅन मटेओ, लॉस एंजेलिस यांच्यासह २० काउंट्या १९३७ च्या वेगळ्या कायद्याखाली येतात. तिथे तुमचा युनियन करार आणि स्थानिक नियमच पाहावे लागतील.

वरिष्ठांनी “जरा सांभाळून घ्या” म्हटलं की आपण मान डोलावतो. काम जरूर घ्या, त्यातून शिकायला मिळतं. पण आधी लेखी पत्र मागा. त्यात पदाचं नाव, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, वाढीव पगार आणि मूळ पदावर परतण्याचा हक्क, एवढं असू द्या. वाढीव पगार कितव्या दिवसापासून मिळतो, ते युनियनच्या करारात पाहा. तो पेन्शनसाठी धरला जातो का, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. १ जानेवारी २०१३ च्या आधी आणि नंतर पहिल्यांदा रुजू झालेल्यांचे पेन्शनचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या अनुभवी सहकाऱ्याचं उत्तर तुम्हाला लागू होईलच असं नाही. एच-१बी व्हिसावर असाल, तर कामाचं स्वरूप बदलण्याआधी वकिलाशी बोला. आणि तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा.

आणखी एक. प्रभारी असणं म्हणजे बढतीचं वचन नव्हे. भरती खुली असते, बाहेरचा उमेदवारही निवडला जाऊ शकतो. म्हणून जाहिरात निघाली की “मला तर देतीलच” असं समजून थांबू नका. मुदतीत अर्ज भरा, आणि प्रभारी असताना काय काय केलंत ते त्यात तपशिलाने लिहा.

या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती कोणी नव्या कार्यभाराची बातमी दिली, तर अभिनंदन करा आणि “पत्र मिळालं का?” हेही विचारा. आपणा सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!