चाळिशीनंतरची उमेदवारी

पुण्याच्या आसमंतातील औद्योगिक पट्ट्यात एखादा कारखाना बंद पडतो तेव्हा त्याच्या जागेचे, यंत्रांचे आणि नव्या खरेदीदाराचे वृत्त सविस्तर छापून येते. तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबले आणि पुढे ती वास्तू ह्युंदाईकडे गेली, हे पुष्कळांना स्मरत असेल. परंतु अशा कारखान्यांच्या भांडारात, नियोजन विभागात किंवा लेखाशाखेत वीस वर्षे घालवल्यावर ज्याच्या हाती नारळ पडला, तो माणूस पुढे कोठे गेला याची वास्तपुस्त क्वचितच कोणी करतो. अशा माणसांपैकी काही जण हल्ली चाळिशी उलटल्यावर संगणकाची पदवी मिळवतात आणि हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांची वाट धरतात. ज्या दारावर ते थाप मारतात ते दार आतूनही अरुंद होत चालले आहे, हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. टीसीएससारख्या मातब्बर कंपनीने २०२५ च्या जुलैत आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास जागा कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यात मुख्य भर होता तो मधल्या व वरच्या श्रेणींवर.

अभ्यासाची वर्षे गाठीच्या पैशावर काढावयाची असल्यामुळे हिशेब आधी झालेला बरा. कायद्याच्या व्याख्येत जो कामगार ठरतो त्याला कमी करताना निदान एक महिन्याची सूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. पाच वर्षांची सेवा भरली असेल तर ग्रॅच्युइटी निराळी. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने यात पुनर्कौशल्य निधीची भर घातली आहे, ज्यातून पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात पोहोचावयाची आहे. पंधरा दिवसांच्या पगारात कोणते नवे कसब हस्तगत होते, हे संहिताकारांनाच ठाऊक! व्यवस्थापकवर्गाला तर ग्रॅच्युइटीखेरीज एवढाही आधार नाही. त्याची बाकी सारी भिस्त नेमणूकपत्रातील अटींवर आणि स्वेच्छानिवृत्तीच्या वाटाघाटींवर.

शिक्षणाची तजवीज त्या मानाने सुलभ आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे एम.सी.ए., नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे संगणक अभ्यासक्रम, सी-डॅकची सहा महिन्यांची पदविका, किंवा मद्रास आयआयटीने २०२० मध्ये आरंभिलेला आणि वयाची कोणतीही मर्यादा नसलेला डेटा सायन्सचा पदवीक्रम, यांपैकी काही ना काही चिकाटीच्या माणसाला साधते.

खरी अडचण त्यानंतरची, आणि ती वर्गवारीची आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भरतीला दोनच खाती ठाऊक असतात: एक फ्रेशरांचे, ज्यात अमुक वर्षीच्या बॅचचा, दहावी-बारावीपासून साठ टक्क्यांच्या वर राहिलेला आणि शिक्षणात खंड न पडलेला उमेदवार अपेक्षित असतो, आणि दुसरे अनुभवी माणसांचे, ज्यात तमुक तंत्रज्ञानात तितकी वर्षे काम केल्याचा दाखला मागितला जातो. पंचेचाळिसाव्या वर्षी नवी पदवी घेऊन उभा राहिलेला गृहस्थ पहिल्या खात्याला जुना आणि दुसऱ्याला कोरा वाटतो. त्याचा अर्ज माणसाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच यंत्राच्या चाळणीतून गळून गेलेला असतो. असे शेकडो अर्ज धाडून आपण मंदबुद्धी आहोत अशी समजूत करून घेणारे पुष्कळ असतात, आणि ती समजूत सर्वथा निराधार असते.

माझे मत असे की, या माणसाने फ्रेशरांच्या रांगेत उभे राहण्याचा नाद सोडावा आणि ज्या धंद्यातून आपण बाहेर पडलो त्याच धंद्याचे सॉफ्टवेअर कोण लिहितो, याचा शोध घ्यावा. साखर कारखाने, पतसंस्था, कोल्हापूरकडील फाउंड्र्या, मालवाहतूकदार, या सर्वांचे दफ्तर आता संगणकावर गेले आहे, आणि ते चालविणाऱ्या लहान लहान कंपन्यांत संगणक जाणणारे विपुल असले तरी व्यवहार जाणणारे दुर्मीळ असतात. आपल्या कामाचा नमुना म्हणून विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथालय व्यवस्थापनाची प्रणाली दाखवीत आले आहेत, आणि ती पाहून परीक्षकाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. त्याऐवजी ज्याने डिस्पॅचला आयुष्य काढले आहे त्याने मालवाहतुकीला लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत सांभाळणारी एक छोटी प्रणाली लिहून पाहावी. नियम दिसायला सरळ आहे: साधारण मालाला दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या अंशामागे एक दिवस, म्हणजे २१० किलोमीटरलाही दोन दिवस. परंतु चाकणहून चेन्नईला निघालेला ट्रक सोलापूरच्या पुढे बिघडला आणि माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला, तर त्याच बिलावर नव्या गाडीचा क्रमांक चढवावा लागतो, आणि मुदतवाढ मागायची ती मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच. हे ज्याने रात्री अकरा वाजता चालकाचा फोन घेऊन निस्तरले आहे, त्याच्या प्रणालीत ही अवघड वळणे आपोआप उतरतात. असे काम गिटहबवर ठेवावे, आणि त्यासोबत ते का व कोणासाठी केले याचा साध्या भाषेतला मजकूरही ठेवावा.

मुलाखतीतही या जुन्या शहाणपणाला वाव मिळतो. आपल्याकडे डेटाबेसवरचा जो प्रश्न जवळजवळ शिरस्त्यासारखा विचारला जातो, तो म्हणजे तक्त्यातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधण्याचा. पाठांतर करून आलेला तरुण पगार उतरत्या क्रमाने लावतो, पहिली ओळ सोडतो आणि दुसरी उचलतो. ज्याने पगारपत्रकाच्या दिवशी मस्टर घेऊन बसण्याचा अनुभव घेतला आहे तो आधी विचारतो की, सर्वोच्च पगार दोघांना सारखाच असला तर काय करायचे, आणि खात्यात एकच माणूस असला तर उत्तर कोरे द्यायचे की शून्य? पहिल्या शंकेनेच त्या तरुणाची ओळ चुकीची ठरते, कारण तिच्यात पुनरावृत्ती वगळलेली नसते. अर्थात शंका काढून भागत नाही. पुढची ओळ बिनचूक लिहिताही आली पाहिजे, आणि त्याला रोजचा सराव लागतो, ज्याचा चाळिशीत पुष्कळांना कंटाळा येतो.

निराशेच्या काळात एक मोह समोर उभा राहतो. काही दलाल रक्कम घेऊन दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचे बनावट दाखले तयार करून देतात, आणि त्यावर नोकरी लागल्याच्या कथाही ऐकू येतात. परंतु भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात प्रत्येक मालकाचे नाव आणि वर्गणीचे महिने नोंदलेले असतात, आणि पार्श्वभूमीची छाननी करणारे प्रथम तेच पाहतात. लबाडी उघडकीस आली म्हणजे नोकरी जाते ती जातेच, शिवाय वीस वर्षांच्या खऱ्या सेवेवरही संशयाचे किटाळ येते. नोकरीची हमी देऊन आगाऊ फी वसूल करणाऱ्या शिकवण्याही याच जातकुळीतल्या.

वयाचा प्रश्न उरतो. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने नोकरीत वयावरून भेदभाव करण्यास मनाई आहे; आपल्याकडे खासगी नोकरीत असा सर्वसाधारण कायदा नाही, आणि जाहिरातीत कमाल वयाचा उघड उल्लेख करण्यास कोणी कचरत नाही. आरंभी पगार जुन्या पगाराच्या खाली जातो, आणि सव्वीस वर्षांचा टीम लीड पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला, त्या धंद्याच्या रीतीप्रमाणे, नुसत्या पहिल्या नावाने हाक मारतो. कारखान्यात ‘साहेब’ किंवा ‘भाऊ’ ऐकण्याची सवय झालेल्या कानांना हे काही दिवस खुपते. एका गोष्टीत मात्र हा उमेदवार तरुणांच्या पुढे असतो. नोकरीत असलेल्या अभियंत्याला बहुधा ९० दिवसांची नोटीस भरावी लागते, आणि तेवढ्यात तो दुसरीकडे वळेल की काय या धास्तीने कंपन्या हैराण झालेल्या असतात. म्हणून जुन्या नोकरीची अखेरची तारीख न लपवता, अर्जाच्या पहिल्या ओळीतच आपण तत्काळ रुजू होऊ शकतो असे लिहावे. भरतीच्या संकेतस्थळांवर उमेदवार निवडताना नोटीसच्या मुदतीचीही चाळणी लावली जाते.