लक्ष्मीबाई टिळक : सहधर्मचारिणी कीं स्वधर्मचारिणी?

सुशिक्षित ब्राह्मण घरांतून लक्ष्मीबाई टिळकांचा विषय निघाला कीं बहुधा एकच उद्गार कानीं पडतो : "बिचाऱ्या काय करणार! नवरा गेला, त्याच्यामागून गेल्या." म्हणणाऱ्यांच्या मनांत कींव असते, कित्येकदां आदरहि असतो, 'स्मृतिचित्रें' त्यांनीं आवडीनें वाचलेलीं असतात. परंतु हा उद्गार खरा नाहीं असें आमचें मत आहे, आणि तो कां खरा नाहीं हेंच येथें सांगावयाचें आहे.

आम्ही राहतों तें नागापूर नगर शहराच्या उत्तरेस, सीना नदीच्या कांठीं आहे. आज येथें कारखान्यांची वसाहत उभी आहे व जिल्ह्याचें नांवहि २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. तथापि नगराहून राहुरीस जाणारा रस्ता पूर्वीप्रमाणेंच आमच्या गांवावरून जातो. टिळकांचा संसार कांहीं वर्षें नगरास व कांहीं वर्षें राहुरीस झाला, म्हणजे या रस्त्याच्या दोन टोकांस. त्यामुळें इकडे त्यांच्या नांवाला अजून थोडी घरगुती जवळीक आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका, लाडकें मनू. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या आईच्या वडिलांस फांशी झाली, आणि त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोंवळ्याचें वेड लागलें. साधें सोंवळें नव्हे. बाहेरून आलेलें धान्यच काय, मीठहि धुऊन घ्यावयाचें! धुतलेल्या मिठाचें काय उरत असेल तें गृहिणींस सांगावयास नको. 'स्मृतिचित्रें' वाचतांना या भागावर आपण हंसतों. परंतु ज्या मुलीचें बालपण अशा घरांत गेलें, तिच्या हाडींमांसीं शिवाशीव किती मुरली असेल याचा विचार हंसतांना राहून जातो. पुढील सर्व हकीकतीचें मर्म मात्र तेथेंच आहे.

वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशीं झाला. टिळक कवि, संस्कृतज्ञ, वक्ते, मनाचे अत्यंत उदार व स्वभावानें तितकेच लहरी. पैसा त्यांच्या हातीं टिकत नसे व एका गांवीं पाय ठरत नसे. लक्ष्मीबाईंनीं शाळेचें तोंडहि पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती पतीकडून. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पदरीं लहान मूल असलेल्या त्या बाईवर आकाशच कोसळलें.

आतां पाहावें कीं, त्या लागलीच 'मागून गेल्या' काय? नाहीं. सुमारें पांच वर्षें त्यांनीं आपला धर्म सोडला नाहीं. आरंभीं नातलगांच्या आश्रयानें, कांहीं काळ पंढरपुरासारख्या क्षेत्रीं, त्या पतीपासून दूर राहिल्या. पतीवर प्रेम होतें. त्याच्या निर्णयावर राग होता. आणि दोन्ही एकाच वेळीं होतीं. संस्कृतांत पत्नीस 'सहधर्मचारिणी' म्हणतात. सह म्हणजे बरोबर, मागून नव्हे. पतीनें धर्मच बदलला तर या शब्दाचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न आमच्या शास्त्रीमंडळींस पडण्यापूर्वी त्या बाईस प्रत्यक्ष जगावा लागला.

पुढें त्या नगरास पतीकडे राहावयास आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. एका घरांत दोन आचार सुरू झाले : चूल निराळी, पाणी निराळें, शिवाशीव कायम. टिळकांनीं बळजबरी केली नाहीं, हें त्यांच्या बाजूनें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. मात्र त्या निराळ्या चुलीपाशीं बसूनच लक्ष्मीबाईंचा विचार चालू होता. देवानें माणसें केलीं. जाति कोणीं केल्या? उत्तर त्यांचें त्यांनाच सांपडलें कीं, जाति माणसांच्या आहेत, देवाच्या नव्हेत. ज्या दिवशीं हें मनाशीं ठरलें, त्या दिवसापासून कोणाच्याहि हातचें अन्नपाणी त्यांना वर्ज्य राहिलें नाहीं. मीठ धुणाऱ्या बापाच्या मुलीची ही गोष्ट आहे! आमच्या मतें खरें धर्मांतर तें हेंच. १९०० सालीं त्यांनीं घेतलेला बाप्तिस्मा ही त्यानंतरची विधियुक्त नोंद होय.

त्याच सुमारास दुष्काळ व प्लेग यांनीं हा प्रांत पोळून निघाला होता. टिळकांनीं अनाथ मुलें घरीं आणावीं आणि लक्ष्मीबाईंनीं त्यांचें जेवणखाण, दुखणींबाणीं पाहावीं. व्याख्यानें देणाऱ्याच्या औदार्याचा बोजा स्वयंपाकघरावर कसा पडतो, हें मराठींत त्यांच्याइतकें गोड तक्रारीनें दुसऱ्या कोणीं लिहिलेलें आम्हांस ठाऊक नाहीं. १९०७ च्या जळगांवच्या कविसंमेलनांत टिळकांच्या नजरेस पडलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवि, पुढें त्यांच्याच घरीं येऊन राहिले. त्या हळव्या, रुसणाऱ्या तरुणास लक्ष्मीबाईंनीं आईची माया दिली. ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ रेल्वेखालीं बालकवींचा अंत झाला, आणि वर्षभरानें, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस टिळकहि निवर्तले.

नगरच्या ख्रिस्ती मंडळींत अमेरिकन मिशनचें कार्य १८३१ पासून होतें, परंतु उपासनेंत बरीच गीतें परक्या चालींवर बसविलेलीं असत. टिळकांनीं तेथें अभंग व भजन रूढ केलें. ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाची ती वाणी मराठी प्रार्थनामंदिरांतून आजहि ऐकूं येते. घरच्या घरीं त्या वाणीची पहिली श्रोती कोण असेल हें सांगावयास नको. आणि त्या श्रोतीनें पुढें काय केलें तें पाहिलें म्हणजे 'मागून गेल्या' या उद्गाराचा निकालच लागतो.

टिळकांनीं येशूचें चरित्र ओवीबद्ध लिहावयास घेतलें होतें. सुमारें अकरा अध्याय झाले आणि तें काम अपुरें राहिलें. जोडाक्षरांशीं आयुष्यभर झगडणाऱ्या त्यांच्या विधवेनें तें हातीं घेतलें व आणखी चौसष्ट अध्याय रचले. पतीच्या अकरांपुढें पत्नीचे चौसष्ट! यांत अनुगामिनी कोण? ग्रंथाचें नांव 'ख्रिस्तायन'. (जातां जातां, मास्तरकीच्या खोडीनें, एक गोष्ट सांगतों. 'रामायण' यांत ण येतो आणि 'ख्रिस्तायन' यांत न राहतो, हा छपाईचा दोष नव्हे. मध्यें सकार-तकार आडवे आल्यानें णत्व होत नाहीं.)

उतारवयांत त्या मुलाबरोबर कांहीं वर्षें कराचीस होत्या. पुढें नाशिकास आल्या. पुत्र देवदत्त यांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं आईनें आठवणी लिहून द्याव्या असें ठरलें, आणि त्यांतून निघालीं 'स्मृतिचित्रें'. 'संजीवनी' साप्ताहिकांत तीं क्रमशः येऊं लागलीं, व १९३४ सालीं पहिला भाग पुस्तकरूपानें निघाला, तेव्हां बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांतील भाषा माजघरांतली आहे. पंडिती शब्द हुडकूनहि सांपडावयाचा नाहीं. स्वतःची फजिती त्या जितक्या खुशींत सांगतात तितक्याच पतीची. आणि देवाविषयीं लिहितांना आवाज चढवीत नाहींत.

या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १९५० सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें नांव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मागोमाग येतें! भाषांतरकर्त्या इंकस्टरबाईंच्या श्रमांविषयीं आम्हांस आदर आहे, पण नांव पसंत नाहीं. जो समज आमच्या घरांत आहे तोच त्यांनीं मुखपृष्ठावर छापला. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतरांत लक्ष्मीबाईंस तेजस्वी पत्नी म्हटलें आहे. तें पुष्कळ बरें. तरी तेथेंहि 'पत्नी' हा शब्द राहिलाच.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई नाशिक येथें वारल्या. आठवणींचा चवथा भाग तेव्हां अपुरा होता. तो देवदत्तांनीं पुरा केला, आणि पुढें नातू अशोक टिळक यांनीं साऱ्या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ति काढली. 'ख्रिस्तायन' १९३८ सालीं छापून निघालें. तें पाहावयास टिळक व लक्ष्मीबाई दोघेंहि हयात नव्हतीं.