हौदातले पाणी गेले कोठे?

समजा, तुमचे घर बिद्रीला आहे. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचे, कागल तालुक्यातले हे गाव तेथील साखर कारखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. कारखान्याच्या नावातच दूधगंगा आणि वेदगंगा अशा दोन नद्या आहेत, आणि भोवती ऊसच ऊस. अशा मुलखात पाण्याची काय ददात, असे परगावच्या माणसाला वाटेल. पण मे महिन्यात परसातला हौद भरायचा म्हणजे काय, हे तुम्हांला विचारावे!

हौद उघडा आहे. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर खोल. रात्री तो भरून ठेवला आणि दुसऱ्या रात्री पाहिले, तर पाणी अडीच सेंटिमीटर खाली. मधल्या वेळात कोणी तांब्याभरसुद्धा पाणी घेतलेले नाही. आजी म्हणतात, "ऊन काय थोडे आहे? आटले असेल." वडील म्हणतात, "हौद गळतोय. गवंड्याला बोलवा." दोघांपैकी खरे कोणाचे?

गवंड्याला निरोप धाडण्याआधी एक बादली घ्या.

बादलीत तळाशी दगड ठेवून ती हौदातल्या पायरीवर किंवा विटांच्या चौथऱ्यावर अशी ठेवा, की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. मग बादलीत पाणी ओता आणि आतली पातळी बाहेरच्या पातळीइतकीच करा. बादलीला आतून एक आणि बाहेरून एक खूण करा. चोवीस तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी दोन्ही खुणांपासून पाणी किती खाली गेले ते पट्टीने मोजा.

बादली हौदातच का ठेवायची, अंगणात का नाही? अंगणातल्या बादलीचे थोडेसे पाणी उन्हाने चटकन तापेल आणि भराभर आटेल. हौदात बुडालेल्या बादलीतले पाणी हौदाइतकेच ऊनगार राहते. ऊन तेच, वारा तोच, हवेतला दमटपणा तोच. म्हणून बाष्पीभवनाने दोन्हीकडचे पाणी जवळजवळ सारखेच उतरते. मध्येच वळवाची सर आली, तरी ती दोन्हीकडे सारखीच भर घालते. बादलीला भोक नाही हे मात्र आधी पाहून घ्या, नाही तर सगळेच मुसळ केरात!

आता मानू या, की बादलीतले पाणी ६ मिलिमीटर उतरले आणि हौदातले २५. सहा मिलिमीटर आजींचे; बाकीचे १९ वडिलांचे. दोघेही खरे होते, पण वडील जरा जास्त. हौदाचा पृष्ठभाग ३ चौरस मीटर आहे, म्हणजे पातळी १ मिलिमीटर उतरली की ३ लिटर पाणी गेले. १९ मिलिमीटरचे झाले ५७ लिटर. दिवसाला चार-पाच घागरी पाणी जमिनीत मुरते आहे.

हेच गणित पोहण्याच्या तलावाला लावून पाहा. बिद्रीकडची मुले बहुधा विहिरीतच पोहायला शिकतात, पाठीला भोपळा नाही तर हवाबंद डबा बांधून. पण आता बंगल्याच्या आवारात छोटा तलाव बांधणारी मंडळीही दिसू लागली आहेत. असा तलाव ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद असला, तर त्याचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. तेच १९ मिलिमीटर येथे ६०८ लिटर होतात! आणि पातळी बोटभरही उतरलेली नसल्यामुळे घरमालकाला वाटते, उन्हाळाच आहे, आटले असेल.

एवढे पाणी जायला भोक केवढे लागते? तुमचा विश्वास बसणार नाही. सतराव्या शतकात इटलीतील तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वेगाचा नियम सांगितला. तो वेग भोकाच्या वर किती उंच पाणी आहे यावर, त्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, अवलंबून असतो. दीड मीटर पाण्याखालच्या भोकातून पाणी सेकंदाला सुमारे ५.४ मीटर वेगाने निसटते. भोक अवघे १ मिलिमीटर व्यासाचे असले, तरी हिशेब करता दिवसाला दोनशे लिटरांहून अधिक पाणी जाते. आपल्या हौदाला अर्ध्या मिलिमीटरचे छिद्रही पुरेसे होते!

या नियमातच चोर पकडण्याची युक्ती दडलेली आहे. बाष्पीभवनाला हौद किती भरला आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. ते फक्त पृष्ठभागावर चालते. गळतीला मात्र खोलीशी कर्तव्य असते. म्हणून हौद वापरायचा बंद करून रोज एका ठरावीक वेळी पातळी मोजा आणि आलेखकागदावर बिंदू मांडा. रेषा पहिल्या दिवसापासून सरळ, मंद उताराची आली, तर नुसते बाष्पीभवन. उतार सुरुवातीला जास्त आणि पुढे हळूहळू कमी होत गेला, तर भोक तळाशी. आणि एका ठरावीक उंचीपर्यंत पाणी झपाट्याने उतरून तेथे उतार एकदम मंदावला, तर भोक त्याच उंचीवर. मग चारही भिंतींवर त्या उंचीला खडूची रेघ मारा आणि फक्त त्या रेघेवर शोधा. एवढा मोठा हौद, पण शोधायची जागा उरली एक पट्टा!

त्या पट्ट्यात नेमकी जागा सापडायला रंग वापरतात. पाणी पूर्ण स्थिर होऊ द्यावे. संशय येईल त्या भेगेजवळ ड्रॉपरने रंगाचे दोन-तीन थेंब अगदी हळू सोडावेत. भेग गळत नसेल, तर रंग तेथेच ढगासारखा तरंगत राहतो. गळत असेल, तर त्याची एक बारीक शेपटी होऊन ती भेगेत ओढली जाते. पिण्याच्या पाण्याच्या हौदात शाई नको, खाण्याचा रंग घ्या. आणि एक गोष्ट बजावून सांगतो. जमिनीखालच्या, झाकणाच्या टाकीत कधीही उतरू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी पडतो आणि माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध होतो. ती कामे मोठ्यांची, आणि त्यांनीही टाकी पुरेशी मोकळी ठेवून, वर दुसरा माणूस उभा करूनच करायची.

पोहण्याच्या तलावात आणखी एक भानगड असते. त्याचे पाणी पंपाने ओढून गाळणीतून फिरवून परत सोडतात, त्यामुळे भिंतीइतक्याच नळ्याही संशयित असतात. अशा वेळी बादलीचा प्रयोग दोनदा करतात, एक दिवस पंप चालू ठेवून आणि एक दिवस बंद ठेवून. पंप चालू असताना गळती वाढली, तर तलावाकडे परत येणाऱ्या, दाबाखालच्या नळीवर संशय घ्यावा. परतीच्या पाण्यात हवेचे बुडबुडे दिसले, तर ओढणारी नळी कोठेतरी हवा आत घेत आहे. दोन्ही दिवशी आकडा सारखाच आला, तर नळ्या बहुधा निर्दोष. भिंती, तळ आणि दिव्यांच्या खोबणी पाहाव्यात.

जमिनीत पुरलेल्या नळीची गळती तर डोळ्यांना दिसतच नाही. ती कानांनी शोधावी लागते. रात्री सामसूम झाल्यावर जाणता कामगार नळावर लोखंडी सळई टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावतो. गळती असली तर सूंऽऽ असा आवाज येतो. आता त्याच कामाला यंत्रे आहेत. नळीवर दोन ठिकाणी सूक्ष्म आवाज टिपणारी यंत्रे लावतात. जिकडे गळती जवळ, तिकडे आवाज आधी पोहोचतो. समजा, दोन यंत्रांत १२० मीटर अंतर आहे, नळीतून आवाज सेकंदाला १,२०० मीटर जातो आणि दुसऱ्या यंत्राला तो ०.०४ सेकंद उशिरा मिळाला. मग गळती पहिल्या यंत्रापासून किती दूर? उत्तर ३६ मीटर. कसे ते तुम्ही काढा.

भोक सापडले, आता बुजवायचे. नवखा माणूस बाहेरून, जेथे ओल दिसते तेथे सिमेंट थापतो. चार दिवसांनी ते सुटून येते. याचे कारण सोपे आहे: आतले पाणी त्याला बाहेर ढकलत असते. तोच गिलावा आतून, पाण्याच्या बाजूने केला, तर पाण्याचा दाब त्याला भिंतीवर अधिकच घट्ट दाबून धरतो. म्हणून जाणता गवंडी आधी हौद रिकामा करतो, भेग छिन्नीने रुंद करून तिची खाच बनवतो, धूळ झाडून ती ओली करतो आणि मगच सिमेंटचा माल आत दाबून भरतो. त्यानंतर निदान आठवडाभर त्यावर पाणी मारावे लागते; घाईने वाळलेले सिमेंट पुन्हा तडकते.

काही बारीक भेगा मात्र आपण होऊनच बुजतात! सिमेंटमधला चुना पाण्यात थोडा विरघळतो आणि हवेतल्या कार्बन डायॉक्साइडशी संयोग पावून त्याचा पांढरा थर भेगेत बसतो. हौदाच्या बाहेरच्या बाजूला पांढऱ्या रेघा उमटलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, त्या याच. पण त्यांना भुलू नये. भेग मोठी असेल, तर तीच पांढरी रेघ सांगत असते, की आतला चुना धुपून बाहेर येतो आहे.

आता बिद्रीहून दूधगंगेच्या काठाने वर, सह्याद्रीच्या बाजूला चला. राधानगरी तालुक्यात काळम्मावाडी येथे या नदीवर महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या संयुक्त प्रकल्पाचे धरण आहे. त्यात सुमारे २५ टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे जवळजवळ २,८३० कोटी लिटर. खोऱ्यातल्या उसाला हे पाणी मिळते, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून ते थेट नळाने कोल्हापूर शहरातही पोहोचले. या धरणाच्या दगडी भागातून होणारी गळती हा गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात मोठ्या काळजीचा विषय झाला आहे. तिच्या दुरुस्तीसाठी ग्राउटिंगचे काम हाती घेण्यात आले. ग्राउटिंग म्हणजे काय, ते पुढे पाहू. आधी हे पाहा, की आपल्या परसातली रीत धरणावरही चालते.

धरणांवरसुद्धा बादली असते! तिला बाष्पीभवनपात्र म्हणतात. ते सुमारे १२० सेंटिमीटर व्यासाचे व २५ सेंटिमीटर खोल असते, आणि पाखरांनी पाणी पिऊ नये म्हणून त्यावर जाळी बसवतात. हे पात्र जमिनीवर असल्यामुळे तापते आणि जलाशयापेक्षा अधिक वेगाने आटते. म्हणून त्यातला आकडा साधारण ०.७ ने गुणून घेतात.

पण एवढ्या अफाट जलाशयात गळतीने पातळी किती उतरली, हे पट्टीने कसे कळणार? तेव्हा तेथे गळालेले पाणीच मोजतात. मोठ्या दगडी धरणाच्या पोटात माणूस चालू शकेल असा बोगदा ठेवलेला असतो. पाझरणारे पाणी मुद्दाम पाडलेल्या भोकांतून त्या बोगद्यात आणतात. मुद्दाम? होय! दगडी धरण थोडेसे पाझरणारच. ते पाणी आत कोंडून राहिले, तर धरणाला खालून वर उचलू पाहते. त्याला वाट करून देणेच बरे. बोगद्यातल्या गटारीत एक आडवा पत्रा बसवतात आणि त्याला काटकोनी, टोक खाली असलेली त्रिकोणी खाच पाडतात. खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते मोजले, की प्रवाह कळतो. उंची १० सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर. २० सेंटिमीटर असेल, तर? दुप्पट नव्हे, सुमारे २५ लिटर!

गळती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, तर बुजवावी लागते, आणि धरण काही हौदासारखे रिकामे करून आतून गिलावा करता येत नाही. मग धरणाच्या माथ्यावरून किंवा बोगद्यातून खोल छिद्रे पाडतात आणि त्यांत सिमेंट व पाणी यांची रबडी दाबाने भरतात. ती दगडांच्या सांध्यांत शिरून घट्ट होते. छिद्र आणखी रबडी घेईनासे झाले, की तेथले काम झाले. यालाच ग्राउटिंग म्हणतात. १८०२ मध्ये फ्रान्समधील दिएप बंदरात बेरिन्यी या अभियंत्याने अशा प्रकारचा उपाय प्रथम केला, असे मानतात. आपल्याकडे १९६७ च्या डिसेंबरमधील भूकंपानंतर कोयना धरणाला तडे गेले. ते बुजवताना इपॉक्सी या चिवट रासायनिक पदार्थाचाही वापर केला होता, आणि पुढे धरणाला मागून काँक्रीटचे आधारही दिले.

मातीच्या धरणाची गोष्ट अधिक नाजूक असते. तेथे पाझरणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे आधी पाहतात. गढूळ असेल, तर पाणी आतली माती घेऊन येत आहे. माती गेली की वाट रुंदावते, वाट रुंदावली की पाण्याचा जोर वाढतो, आणि आणखी माती जाते. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसच्या आसपास माणसे प्राणांना मुकली. त्या धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

धरणावरच्या नोंदवहीत गळतीच्या आकड्यासमोर त्या दिवशीची जलाशयाची पातळीही लिहितात. कारण आता तुम्हांला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेले असताना गळती जास्त आणि मे महिन्यात कमी असणारच. तोरिचेल्लीचा हौद तसेच सांगतो. तेव्हा ऑक्टोबरची तुलना मेशी करायची नसते, मागच्या ऑक्टोबरशी, तेवढ्याच पातळीच्या दिवसाशी करायची. पातळी तीच आणि खाचेतले पाणी मात्र १० सेंटिमीटरवरून १३ वर गेलेले दिसले, तर प्रवाह जवळजवळ दुप्पट झालेला असतो.