अस्रची सावली आणि दहावीचे टॅन

परीक्षा जवळ आली की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, 'त्रिकोणमिती डोक्यात शिरतच नाही.' त्याच वाक्यावर अकरावीची शाखा ठरते. मुलगी असेल तर जरा जास्तच लवकर ठरते. ती ठरण्याआधी गच्चीवर एक काठी उभी करून पाहा, असे आम्ही सुचवतो.

मेच्या मध्यावर मुंबईत दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य ऐन डोक्यावर येतो. मीटरभर काठीची सावली बुंध्यातच लपते. मग ती वाढू लागते. काठीएवढी झाली की कोकणातल्या शाफई घरांत अस्रची वेळ सुरू होते. हनफी घरांत ती दुप्पट होईपर्यंत थांबतात.

आता सावलीच्या टोकापासून काठीच्या माथ्यापर्यंत दोरी ताणा. झाला काटकोन त्रिकोण. दोरी हा कर्ण. जमिनीलगतच्या कोनाचा टॅन म्हणजे काठी भागिले सावली. शाफई अस्रला 1 भागिले 1, कोन 45 अंश. हनफी अस्रला 1 भागिले 2, कोन सुमारे साडेसव्वीस अंश. काठीऐवजी मशिदीचा मिनार घेतला तरी त्या क्षणी कोन तोच, भागाकारही तोच. मुले नेमकी इथे अडतात; त्रिकोण मोठा तर टॅन मोठा, असे त्यांना वाटते. साइन म्हणजे काठी भागिले दोरी, कोसाइन म्हणजे सावली भागिले दोरी. दोरी सर्वांत लांब, म्हणून दोन्ही 1 च्या वर जात नाहीत.

(डिसेंबरात भरदुपारीच सावली 90 सेंटिमीटरच्या आसपास असते. तेवढी वजा करूनच अस्र मोजायची.)

अरबी गणितज्ञ सावली भागिले काठी या उलट्या गुणोत्तराला 'झिल', म्हणजे सावलीच, म्हणत. 14व्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजाच्या वेळा काढणारे इब्न अल-शातिर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते.

राहिला आलेख. साइनची लाट 1 आणि उणे 1 यांमध्ये हलते. मुंबईत सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ वर्षभरात साधारण 11 ते 13 तास असतो. म्हणजे तीच लाट 12 ने वर उचललेली. एक फेरा 360 अंशांऐवजी 365 दिवसांवर ताणलेला, आणि 1 जानेवारीपासून मोजल्यास सुमारे 80 दिवस उजवीकडे सरकलेला. लंडनमध्ये दिवस 8 तासांपासून साडेसोळांपर्यंत जातो: लाट तीच, उंची चौपट.

भिंतीवरच्या वेळापत्रकातून महिन्याला एक बिंदू वहीत मांडा, आणि मुलीला विचारा, नागपूरची लाट कोल्हापूरपेक्षा थोडी उंच का?