दोन डोळे, एक देखावा : आभासी चित्रात काय साठवायचं आणि काय सोडायचं

मागच्या व्याख्यानानंतर कुंडलच्या एका विद्यार्थ्याने प्रश्न पाठवला. हेडसेटमध्ये दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढावी लागतात, मग मेमरी दुप्पट लागते का? आणि ‘मल्टीव्ह्यू’ वापरलं की ती निम्मी होते असं म्हणतात, ते खरं का? आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण वस्तू एक आणि तिची दर्शनं अनेक, हा आमच्याच गल्लीतला विषय आहे, म्हणून आज तोच घेऊ.

कुंडलला खेटूनच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर ती वसवली. हे लक्ष्मणराव मुळात चित्रकला शिकायला मुंबईला गेले होते. रंग ओळखण्यात अडचण येते म्हटल्यावर ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. यांत्रिक ड्रॉइंगमध्ये नांगराचा फाळ वरून, समोरून आणि बाजूने असा तीनदा काढतात. कागदावर वस्तू नसतेच, तिची दर्शनं असतात. एक माप बदललं की निदान दोन दर्शनांत खोडाखोड करावी लागते.

हेडसेटमध्ये बरोबर उलटं आहे, हे आधी लक्षात घ्या. तिथे वस्तू मेमरीत एकदाच ठेवतात आणि दर्शनं काढून टाकून देतात, सेकंदाला ९० वेळा. म्हणजे एका दर्शनाचं आयुष्य ११ मिलिसेकंद.

समजा, तुम्ही कुंडलच्या डोंगरावरच्या झरी पार्श्वनाथाच्या गुहेचं आभासी रूप तयार केलं. दगडाचा आकार म्हणजे लाखो त्रिकोण आणि दगडाचा पोत म्हणजे फोटो. हे दोन्ही डोळ्यांसाठी सामाईकच असतं. दोन डोळ्यांत साधारण ६३ मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे तोंडाशी असलेला खडक डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगळ्या जागी दिसतो, आणि खाली सपाटीवरचा ऊस दोन्हींना जवळपास सारखाच. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच दाखवून दिलं होतं की या फरकातूनच खोली जाणवते. तेव्हा फरक पुसून चालणार नाही. चित्रं दोन हवीतच.

मग खर्च कुठे होतो? जरा आकडेमोड करू. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये एका डोळ्यापुढे १८३२ गुणिले १९२० ठिपके आहेत, म्हणजे सुमारे ३५ लाख. दोन्ही डोळ्यांचे ७० लाख. तेवढ्याच ठिपक्यांत रंगवायचं ठरवलं आणि एका ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट धरले, तर २८ मेगाबाइट झाले. पण रंग पुरत नाही. कोणता दगड पुढे आणि कोणता मागे हे कळायला प्रत्येक ठिपक्याची खोलीही नोंदवावी लागते, तिचे आणखी २८. कडा करवतीसारख्या दिसू नयेत म्हणून एका ठिपक्याचे चार नमुने घेतले की सगळ्याला चारने गुणा. झाले सुमारे २२५ मेगाबाइट. ते सेकंदाला ९० वेळा मेमरीत लिहायचे म्हटले, तर २० गिगाबाइटची वाहतूक नुसती लिहिण्याची!

६ गिगाबाइटच्या यंत्रात २२५ मेगाबाइट बसतील हो. पण वाहतूक नडते. डेटा इकडून तिकडे न्यायला वीज लागते, यंत्र तापतं, तापलं की वेग कमी करतं, चित्र अडखळतं आणि बघणाऱ्याला मळमळतं. महागड्या कॉम्प्युटरला जोडलेल्या हेडसेटचं यातून निभावतं. शाळेने कशीबशी घेतलेल्या एकुलत्या एका हेडसेटचं निभावत नाही. त्या मुलाचा प्रश्न म्हणूनच आम्हाला महत्त्वाचा वाटला.

आता मल्टीव्ह्यू. जुन्या पद्धतीत डाव्या डोळ्यासाठी सगळे हुकूम द्यायचे, मग उजव्यासाठी पुन्हा तेच. मल्टीव्ह्यूत हुकूम एकदाच जातो आणि चित्र काढणारा प्रोसेसर दोन थरांत दोन चित्रं काढतो, फक्त डोळ्याची जागा थरागणिक बदलते. २०१८ साली व्हल्कन १.१ मध्ये ही सोय मूळ गाभ्यातच आली. हिच्यामुळे हुकूम देणाऱ्या प्रोसेसरचं काम जवळपास निम्मं होतं. काम निम्मं होतं म्हणतोय आम्ही, मेमरी नव्हे! लोक इथेच गल्लत करतात. उलट असं बघा : आधी डावा, मग उजवा असं काढताना खोलीची एकच वही पुसून दोनदा वापरता येत होती. दोन्ही चित्रं एकदम काढायची तर दोन वह्या एकाच वेळी उघड्या ठेवाव्या लागतात. श्रम वाचले, पण जागा वाढली.

यावरचा इलाज मोबाइलच्या प्रोसेसरमध्ये आहे. तो अख्खं चित्र एकदम काढत नाही. लहान चौकोनी तुकडे पाडतो आणि एकेक तुकडा स्वतःच्या पोटातल्या इवल्याशा, पण अतिशय वेगवान मेमरीत पुरा करतो. खोली तिथेच तपासली जाते, चार नमुन्यांचा एक रंग तिथेच होतो, आणि बाहेर जातो तो फक्त शेवटचा रंग. म्हणजे २२५ ऐवजी २८ मेगाबाइट. खोलीसाठी बाहेर जागा राखायचीही गरज उरत नाही. जे चित्र संपल्यावर कुणीच वाचणार नाही, ते लिहायचंच कशाला? आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत शहाणी युक्ती हीच.

दुसरी युक्ती वरवर विचित्र वाटेल : दर्शनं वाढवून मेमरी वाचवायची. आपली नजर मधोमध तीक्ष्ण असते, कडेला मंद. समजा एका डोळ्याला ४००० गुणिले ४००० ठिपके हवेत, म्हणजे १६० लाख. त्याऐवजी १५०० गुणिले १५०० ची दोन चित्रं काढा. एक संपूर्ण देखाव्याचं, भरड. दुसरं फक्त मधल्या भागाचं, बारीक. बेरीज ४५ लाख. डोळे दोन, चित्रं चार, आणि तरी खर्च तिसऱ्या हिश्शाहून कमी.

उजव्या डोळ्याचं चित्र डाव्यावरूनच सरकवून काढायची कल्पनाही आहे. लांबच्या उसाला ती चालेल. पण खडकामागचा जो भाग फक्त उजव्या डोळ्याला दिसतो, त्याची माहिती डाव्या चित्रात नसतेच. तिथे भोकं पडतात आणि ती अंदाजाने बुजवावी लागतात. गुहेसारख्या जवळच्या देखाव्यात आम्ही तरी या वाटेला जाणार नाही.

गुहेचं काम हाती घेतलंत, तर आधी एकच तपासा. चित्र पुरं झाल्यावर खोलीचं काय करायचं, याची सूचना प्रोग्राममध्ये देता येते. तिथे ‘साठव’ असेल तर ‘साठवू नको’ करा. मग पुढच्या टप्प्यात कुणी गुहेत धुकं घालायला तीच खोली पुन्हा वाचतंय का, तेही बघा. वाचत असेल तर ती बाहेर लिहावीच लागेल आणि बचत गेली. धुकं त्रिकोण रंगवतानाच घाला. तुकडा अजून पोटात असतो तेव्हा खोली हाताशीच असते.